सिडकोतली कानबाई आणि तुझा नकाशा

सिडको, नवीन नाशिक
मंगळवार

प्रिय अविनाश,

तुझं पत्र आणि नकाशा मिळाला. टाउनशिप देखणी आहे. पण राहणाऱ्यांना ती आपली वाटावी म्हणून अजून काय घालू, हे तू मला विचारतोस म्हणजे कमालच! सिडकोत वाढलो, एवढंच माझं शिक्षण.

तुला ठाऊकच आहे, १९७० साली सिडको ही सरकारी कंपनी निघाली ती नवी मुंबई वसवायला. नाशकात ती नंतर आली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या लोकांना परवडतील अशी घरं, एकामागून एक सहा योजना, आणि पत्ते एन ३२, एन ४२ असे. राहायला आले ते बरेचसे धुळे, जळगाव, मालेगाव, सटाण्याकडचे. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशव्यांच्या काळातल्या रहाडी, म्हणजे रंगाचे हौद, उघडतात, आमच्याकडे सगळ्या भिंती एकाच वयाच्या.

मग लोकांनी कानबाई, आपली खान्देशातली देवी, इथे आणली. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, परवाच बसली. शेजारच्या काकूंकडे चौरंगावर नारळाचा मुखवटा, नाकात नथ, गळ्यात घरातलं होतं नव्हतं ते सोनं. रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू घरातल्या माणसांच्या हिशेबाने मुठी मोजून घेतात, म्हणून पुण्याला असलेल्या धाकट्याचीही मूठ पडलीच. रात्रभर अहिराणी गाणी चालली. काल सकाळी वाजतगाजत मिरवणूक निघाली, तेव्हा बाया कानबाईपुढे फुगड्या घालत होत्या आणि गल्लीच्या तोंडाशी एक डंपर निमूट उभा होता.

हे कुठल्या नकाशात होतं? सिडकोने केलं ते इतकंच, की गल्लीत मांडव बसेल एवढी जागा ठेवली आणि घरं अशी दिली की हाती पैसा आला की वर खोली चढवता येईल. लोकांनी ती चढवली, पुढे ओटा काढला, खाली पिठाची गिरणी टाकली. त्यात अतिक्रमणही झालं, हे कबूल. आज आमच्या गल्लीत दोन गाड्या समोरासमोर आल्या की भांडण ठरलेलं. पण ज्या भिंतीला माणसाने स्वतः पाणी मारलंय ती परकी राहत नाही.

तुझ्या नकाशात मला नेमकं हेच सापडेना. कारंजं आहे, क्लबहाऊस आहे, बसायला रंगीत बाक आहेत, पण सगळं आधीच पुरं करून ठेवलेलं. आणि ते 'पेशवाई थीम'चं प्रवेशद्वार तर काढूनच टाक बाबा! नाशकात राहून खऱ्या वाड्यांच्या कमानी पडताना बघतोय, ही प्लास्टरची कशाला?

त्यापेक्षा मधोमध एक मोकळं मैदान सोड. त्याला कुंपण नको, शेजारच्या वस्तीतली पोरंही खेळायला आली पाहिजेत. तळमजल्याला दुकानं काढू दे. आणि बिल्डरला सांग, गल्ल्यांना नावं राहायला आलेले लोक देतील, तोवर पाट्या कोऱ्या ठेव. तो ऐकायचा नाही म्हणा, पण मैदानासाठी तरी भांड.

सुधारलेला नकाशा पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप