मंगल, तूच सांग

मिरज
रविवार दुपार

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर नाही, फोनही धड उचलला नाही, म्हणून रागावली असशील. रागाव. पण आधी हे वाच. फोनवर हे बोलता येत नाही, घरात सगळ्यांचे कान असतात. तब्येती ठीक आहेत, ह्यांची शुगर आटोक्यात आहे.

रेवानं शाळेच्या मंत्रिमंडळातून नाव मागे घेतलं. सगळ्या वर्गानं तिला मुख्यमंत्री करायचं ठरवलं होतं. मतदानाच्या दिवशी ही उभी राहिली आणि "मला नको" म्हणाली. बाईंनी मला बोलावून घेतलं. त्यांना वाटलं, पोरगी भाषणाला घाबरली. रेवा आणि भाषणाला घाबरणार? रात्री वेणी सोडताना मी विचारलं. मान न वळवता म्हणाली, "घरी मोठीच आहे ना मी. शाळेत तरी नको."

तेव्हापासून मला तूच दिसतेस. काकूंच्या दहाव्याला बायका ओसरीवर रडत होत्या आणि तू स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यात हात घालून बघत होतीस, किती दिवस पुरेल ते. नववीत होतो गं आपण! तुला कुणी 'हे तू बघ' म्हटलं नव्हतं, 'बघशील का' असंही कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून बाळू, नंदा, सुनील तुझ्या तोंडाकडे बघून जेवायला लागले.

आणि मी शेंडेफळ. होस्टेलवर तू आंघोळीचे नंबर लावलेस तेव्हा 'तू आमची आई आहेस का' म्हणून भांडले होते. त्यावर तू म्हणालीस, 'शेंडेफळाला काय कळायचंय.' किती दिवस अबोला होता! साडेपाचचा नंबर मला द्यायला नको होतास, हे माझं म्हणणं आजही कायम आहे. पण तुझ्या लग्नात तू शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, दुसऱ्या पंगतीला श्रीखंड पुरतंय का हे विचारायला आत आलीस ना, तेव्हा मला हसूही आलं आणि पोटात कालवलंही.

आपल्याला डी.एड.ला मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडलर होता, आठवतं? पहिलं मूल म्हणजे गादीवरून उतरवलेला राजा, म्हणून त्याला सत्तेची आणि नियमांची ओढ जास्त. तू तो भाग पाठ केला होतास आणि मला ऐकवायचीस. तो स्वतः दुसरा होता, थोरल्या भावाच्या सावलीत वाढलेला, हे मात्र तेव्हा कुणी सांगितलं नाही. आता मी मुलींना तोच धडा शिकवते, आणि या प्रकारानंतर नव्यानं वाचायला बसले. लाइपझिगच्या संशोधकांनी २०१५ साली जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतली वीस हजार माणसं तपासली. थोरला जबाबदार, मधला समजूतदार, धाकटा बिनधास्त, यातलं स्वभावात काहीच सापडलं नाही. मग घराघरांत तसं दिसतं का? कारण आपण बारा वर्षांच्या मुलीची तुलना सात वर्षांच्या मुलाशी करतो. बारा वर्षांची शहाणी दिसणारच!

पण खरं माझ्या डोक्यात बसलं ते नॉर्वेचं. तिथं सैन्यभरतीला आलेल्या दोन लाखांहून जास्त तरुणांच्या बुद्धिमापन चाचण्या २००७ साली तपासल्या. पहिल्या मुलांचे गुण सरासरीनं थोडे वर होते. मात्र ज्या घरात पहिलं मूल लहानपणीच गेलं होतं, तिथं दुसऱ्याचे गुणही पहिल्यासारखेच आले. म्हणजे पोटातून आधी कोण आलं याला महत्त्व नाही. घरानं कुणाला थोरलं म्हणून वागवलं, त्यावर आहे. ते वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं, मंगल. आपल्या तुकोबांचं तरी काय? थोरले सावजी विरक्त, म्हणून दुकान, महाजनकी, सगळा प्रपंच मधल्याच्या गळ्यात पडला, तोही कोवळ्या वयात. आणि ज्ञानोबा ताटी लावून बसले तेव्हा दाराशी येऊन समजूत काढली ती सगळ्यांत धाकट्या मुक्ताईनं. थोरल्या निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला घडवलं आणि पुढं त्यालाच बोलू दिलं. मला त्या चौघांत निवृत्तिनाथ फार मोठे वाटतात.

तू म्हणशील, मग काळजी कसली? काळजी अशी, की दुसरी बाजूही खरी आहे. स्वीडनमध्ये पुरुषांच्या नोंदींवरून दिसलं की पहिली मुलं वरिष्ठ व्यवस्थापक होण्याचं प्रमाण पुढच्या भावंडांपेक्षा जास्त असतं. तिथं आईबाप धाकट्यांशी अभ्यासाचं बोलतातही कमी. म्हणजे मोठ्याला जे मिळतं, त्यातूनच तो घडतो. मग रेवाच्या अंगावरचं सगळं काढून घेतलं तर मी तिचं बळही काढून घेईन का? आणि नाही काढलं तर?

परवा तिला दूध ओतताना बघितलं. दोन पेले ओट्यावर ठेवले, गुडघ्यात वाकून डोळे पेल्यांच्या काठाशी आणले, दोन्हींची पातळी बघितली. एकात बोटभर जास्त होतं. तो तिनं चिकूपुढं सरकवला आणि त्यानं सांडू नये म्हणून खाली ताटलीही ठेवली. चिकूनं वर बघितलंसुद्धा नाही. त्याला सात वर्षांत या घरात कुणी एक गोष्ट सांभाळायला दिलेली नाही. 'तू लहान आहेस, राहू दे.' त्याचीही मला तितकीच काळजी वाटते. मला सगळे 'राहू दे' म्हणायचे, तेव्हा कसं वाटायचं ते मला ठाऊक आहे. नोकरीला लागेपर्यंत घरच्या कुठल्या निर्णयात मला कुणी विचारलं होतं?

सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, "मोठ्यानं मोठ्यासारखं वागलं नाही तर घर चालायचं कसं?" त्या स्वतः पाच भावंडांत थोरल्या, चौथीतून शाळा सुटली त्यांची. मी वाद घातला नाही. पण सोमवारपासून दोघांच्या पाण्याच्या बाटल्या चिकू भरतो आणि तिन्हीसांजेला दिवा तोच लावतो. 'तू मोठी आहेस ना' हे वाक्य घरात कुणी रेवाला म्हणायचं नाही, असं ह्यांना सांगितलंय. ते हो म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी जेवताना म्हणालेच. रेवानं माझ्याकडे बघितलं. मग मीच चिकूच्या ताटातली कोशिंबीर त्याला संपवायला लावली.

आता मला तुझ्याकडून खरं हवंय, ताईचं उत्तर नकोय. तुला कधी तरी 'मला नको' म्हणावंसं वाटलं होतं का? म्हणता आलं असतं तर तू आज मुख्याध्यापिका झाली असतीस का? की ती तू होणारच होतीस, काकू असत्या तरी? तू एवढी शाळा चालवतेस, चाळीस माणसं तुझं ऐकतात, आणि मला कधीच ठरवता आलं नाही की त्याचा तुला आनंद आहे की नुसती सवय.

मे महिन्यात रेवाला आठ-दहा दिवस तुझ्याकडे पाठवते. तिला काहीही शिकवू नकोस. उशिरा उठू दे, भांडी घासू देऊ नकोस, आणि तुझ्याकडे असेतोवर ती घरातली सगळ्यांत लहान असू दे. जमलं तर तुझी ती पिठाच्या डब्याची गोष्ट तूच तिला सांग. माझ्याकडून नको.

गुडघ्याचा एक्सरे काढलास का? बाळूच्या घराच्या हप्त्याचं काय झालं? त्याला एकदा तरी स्वतःचं स्वतः बँकेत जाऊ दे. नंदाला आणि भावजींना नमस्कार. लोणच्याची बरणी येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते, कैऱ्या आल्या की.

उत्तर लवकर आणि लांबलचक लिही.

तुझीच,
उषा