गाडी तुम्ही बदललीत, मग फी माझ्याकडून का?

प्रति,
कस्टमर केअर आणि बिलिंग डिपार्टमेंट

विषय: फ्लॉरेन्सच्या दोन दंडांवर कापलेली अ‍ॅडमिन फी परत मिळणे आणि गाडी बदलल्याचं लेखी पत्र मिळणे

नमस्कार,

बुकिंगच्या वेळी तुमचा माणूस फोनवर माझ्याशी मराठीतच बोलला होता, आणि चॅटवर इंग्लिशमध्ये लिहून लिहून काहीच हाती लागलं नाही, म्हणून आता मराठीतच सविस्तर लिहितेय. वाचणाऱ्याने कृपया पुन्हा तोच टर्म्स अँड कंडिशन्सचा पॅराग्राफ चिकटवून पाठवू नये, तो मला पाठ झालाय.

झालं असं. इटलीतल्या पिसा एअरपोर्टच्या तुमच्या काउंटरवर भाड्याच्या गाडीचं अ‍ॅग्रीमेंट प्रिंट झालं, मी सही केली, पीडीएफ ईमेलवर आली. पार्किंगमध्ये गेल्यावर किल्ल्या देणारा मुलगा म्हणाला की ही गाडी अजून धुऊन आलेली नाही, शेजारची घ्या, कॅटेगरी तीच आहे, सिस्टिममध्ये मी बदलून टाकतो आणि नवीन अ‍ॅग्रीमेंट ईमेलवर येईल. ते आजपर्यंत आलेलं नाही. माझ्याकडच्या एकमेव कागदावर आजही त्या न धुतलेल्या गाडीचाच नंबर आहे.

आता याने एवढं काय बिघडलं, तर सांगते. फ्लॉरेन्सच्या जुन्या शहरात झेडटीएल आहे, म्हणजे परवानगी नसलेल्या गाड्यांना ठरावीक वेळेत आत यायला बंदी. तिथे बॅरिकेड नाही की हात दाखवून थांबवणारा पोलीस नाही, नुसता कॅमेरा, तो नंबर प्लेट वाचतो आणि यादीशी जुळवतो, यादीत नसेल तर दंड, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आत गेलात तर पुन्हा वेगळा दंड. आत हॉटेल असेल तर सामान उतरवायला जाता येतं पण हॉटेलने गाडीचा नंबर कळवावा लागतो. हे सगळं मी आधी वाचून गेले होते, हॉटेलने नंबर मागितला तेव्हा तुमचं अ‍ॅग्रीमेंटच फॉरवर्ड केलं, आणि हॉटेलनेही त्यावरचा नंबर दोन्ही दिवसांसाठी कळवला, त्यांचा तसा ईमेल सोबत जोडलाय. म्हणजे परवानगी मिळाली ती तुमच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीला, आणि कॅमेऱ्यात आली माझ्याकडची गाडी, एकदा बॅगा उतरवताना आणि दुसऱ्या दिवशी घेताना.

मग काही महिन्यांनी माझ्या कार्डावरून तुम्ही 54.90 युरो दोनदा कापलेत. 45 युरो फी आणि त्यावर 22 टक्के व्हॅट. ना ईमेल, ना फोटो, ना दंडाचा नंबर, स्टेटमेंटमध्ये नुसतं 'ट्रॅफिक'. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की तुमच्या दंडाची प्रोसेस पूर्ण झाली आहे. कोणीही याचा अर्थ दंड भरला असाच घेईल ना? पण ही फी दंडाची नाहीच, पोलिसांना माझं नाव आणि पत्ता कळवल्याची आहे. दंड वेगळाच, तो आता फ्लॉरेन्सच्या म्युनिसिपल पोलिसांकडून रजिस्टर पोस्टाने आलाय, दोन पाकिटं. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे 360 दिवस असतात, त्यामुळे ती उशिरा आली याबद्दल त्यांच्यावर माझा काहीच राग नाही. उलट त्यांच्या कागदावर तारीख, वेळ, गेटचं नाव, किती भरायचे, अपील कुठे करायचं, सगळं स्वच्छ लिहिलंय. दंड किमान 83 युरो आणि पाच दिवसांत भरला तर 30 टक्के सूट, म्हणजे 58.10, वर टपालखर्च. आणि एक नाव कळवायचे तुमचे 54.90! रस्ता त्यांचा, कॅमेरा त्यांचा, आणि तुम्ही एक फॉर्म भरायचे जवळजवळ तेवढेच घेताय.

तुम्ही माझं नाव दिलंत याबद्दल तक्रार नाही, इटलीच्या कायद्यात भाड्याच्या गाडीचा दंड भाड्याने घेणाऱ्यावरच येतो हे मला माहीत आहे. मला राग याचा आहे की पैसे कापायच्या वेळी तुमच्या सिस्टिमला बरोब्बर माहीत होतं की कुठल्या नंबरची गाडी माझ्याकडे होती. म्हणजे तो मुलगा खोटं बोलला नव्हता, त्याने नोंद बदलली होती. फक्त मला द्यायच्या कागदावर ती कधी उतरली नाही. पोलिसांसाठी एक नंबर आणि गिऱ्हाइकासाठी दुसरा, असं कसं चालेल?

यावर तुमच्या एजंटने लिहिलं की नंबर तपासणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे. अहो, काउंटरवर सही करताना त्या कागदावर तोच नंबर होता जो असायला हवा होता! बदल तुम्ही केलात, नवीन कागद पाठवतो असं तुम्ही म्हणालात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आता घाईचं. दंड भरला की अपील करता येत नाही, म्हणून नोटीस आली त्याच दिवशी मी तुमच्याकडे गाडी बदलल्याचं पत्र मागितलं. उत्तर काय, तर तुमची विनंती मिळाली, 7 ते 10 वर्किंग डेजमध्ये संपर्क करू. सूट पाच दिवसांची असते, ती तुमच्या ऑटो-रिप्लायमध्येच गेली. आता प्रीफेक्टकडे, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अपील करायला नोटीस मिळाल्यापासून 60 दिवस आहेत आणि ते अपील फेटाळलं गेलं तर किमान दंडाच्या दुप्पट भरावे लागतात, म्हणजे एकेका नोटिशीचे निदान 166 युरो. हॉटेलचा ईमेल माझ्याकडे आहे, पण त्यावरचा नंबर आणि फोटोतला नंबर वेगळा का, हे तुमच्याशिवाय कोणीच लिहून देऊ शकत नाही. ते पत्र नसेल तर माझं अपील वाचणाऱ्याला वाटणार की बाई भलत्याच गाडीची परवानगी दाखवतेय.

तर मला हवंय ते असं. आधी ते पत्र, तुमच्या लेटरहेडवर, त्यात अ‍ॅग्रीमेंटवरचा नंबर, प्रत्यक्ष दिलेल्या गाडीचा नंबर, बदलल्याची तारीख आणि वेळ, आणि बदल कंपनीकडून झाला हे स्पष्ट वाक्य. शक्यतो इटालियनमध्ये, तुमचं पिसाचं ऑफिस ते दहा मिनिटांत करू शकतं. दुसरं, दोन्ही फी मिळून 109.80 युरो ज्या कार्डावरून कापले त्याच कार्डावर परत, पुढच्या बुकिंगचं व्हाउचर नको. आणि पत्राअभावी अपील फेटाळलं गेलं तर दोन्ही दंडांची पूर्ण रक्कम तुम्ही द्यायची, हे आत्ताच लेखी हवं.

अ‍ॅग्रीमेंट, हॉटेलचा ईमेल, दोन्ही नोटिसा, कार्डाचं स्टेटमेंट आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडलेत. बुकिंग नंबर ईमेलच्या सब्जेक्टमध्ये आहे. या आठवड्याअखेर पत्र आलं नाही तर दोन्ही चार्जेसबद्दल बँकेकडे डिस्प्यूट टाकतेय, आणि अपिलात तुमच्या चॅटचे स्क्रीनशॉट जसेच्या तसे लावतेय. फोन करायचा असेल तर करा, पण पत्र तयार करून मग करा.

तुमची ग्राहक