हार्वेस्टरची आग अचानक लागत नाही

मा. संपादक,
स. न.

कापणीच्या हंगामात हार्वेस्टर जळाल्याची बातमी आली की ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा अंदाज’ हे वाक्य जणू ठरलेलेच. उंदरांनी कुरतडलेली वायर दोषी असतेही. पण अनेकदा या आगीची तयारी मशीनवर दिवसभर सर्वांच्या डोळ्यांदेखत चाललेली असते.

भर कामात टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा भाग) आणि एक्झॉस्टचे (धूर बाहेर टाकणाऱ्या नळीचे) लोखंड ५०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. सुका भुसा त्याच्या निम्म्या तापमानाच्या आसपासच धुमसू लागतो. त्यात डिझेल किंवा हायड्रॉलिक ऑइलची नळी पाझरत असेल, तर तेलाने माखलेला भुसा इंजिनाला चिकटून बसतो. ग्रीस न मिळालेले बेअरिंग आधी कुरकुरते, घसरणारा पट्टा जळका वास सोडतो. पण काचबंद, एसी केबिनमध्ये बसलेल्या चालकाला ना आवाज येतो, ना वास. म्हणूनच अधूनमधून खाली उतरून मशीनभोवती एक फेरी मारलीच पाहिजे.

सफाई रोजची हवी, इंजिन थंड असताना. एक्झॉस्टमागची खाच, बॅटरीचा कप्पा, रेडिएटरची जाळी ब्लोअरने साफ करावी. शाफ्टला गुंडाळलेले काड मात्र कापूनच काढावे लागते. संध्याकाळी काम संपले की मशीन थेट शेडमध्ये घालण्याची घाई नको. पंखा थांबल्यावर तापलेल्या लोखंडाची धग तिथेच कोंडते आणि आतला भुसा नंतर पेट घेतो.

अग्निशामक बहुधा एकच असतो आणि तोही केबिनमध्ये, सीटमागे. आग इंजिनाला लागल्यावर पुन्हा वर कोण चढणार? एबीसी पावडरचा (काड, तेल, वायू अशा आगींवर चालणारा) चार-पाच किलोचा केबिनमध्ये आणि नऊ किलोच्या आसपासचा, जमिनीवरून हात पोहोचेल असा बाहेर, असे दोन हवेत. मशीनच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून सिलिंडर अधूनमधून उलटा करून हलवावा. तो अर्धा मिनिटही पुरत नाही. वारा पाठीवर घेऊन, मारा ज्वाळांच्या बुडाशी करावा. पावडर आग दाबते, पण गारवा देत नाही. काडातली धग विझवायला पाणीच लागते. जळत्या डिझेलवर मात्र पाणी मारू नये.

धूर दिसताच, जमत असेल तर मशीन उभ्या पिकाबाहेर काढावे, इंजिन बंद करावे, खाली उतरावे आणि आधी अग्निशमन दलाला फोन करावा. इंजिनाचे झाकण झटक्यात उघडू नये. हवा मिळाली की भडका उडतो. आग आटोक्याबाहेर दिसली, तर मशीनचा नाद सोडून लांब व्हावे. शेजारी नांगर जोडलेला ट्रॅक्टर तयार असेल, तर पेटत्या रानाच्या पुढे मातीचा पट्टा उलथून निदान पीक वाचवता येते.

राहिला प्रश्न वेळेचा. भाड्याने फिरणाऱ्या मशीनच्या चालकाला सफाई कळत नाही असे नाही. पुढचा शेतकरी बांधावर उभा राहून ‘आभाळ भरून आलंय, चला लवकर’ म्हणत असतो. सफाईसाठी अर्ध्या तासाची सवड चालकाने मागायची नसते, आपण शेतकऱ्यांनीच द्यायची असते.

आपला,
एक शेतकरी वाचक