दादा, तुमची राहिलेली बारस

दादा,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चला, येतो" म्हणून उठता, म्हणून हे इथं चारचौघांत लिहितेय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. बारका भाऊ मिरजेला ॲडमिट, डेंग्यू, प्लेटलेट्स 9 हजारांवर आलेल्या (दीड लाखाच्या वर पाहिजेत) आणि हिरड्यातनं रक्त यायला लागलेलं. डॉक्टर म्हणाले एसडीपी लागणार, म्हणजे एकाच माणसाच्या अंगातनं मशीननं काढलेल्या प्लेटलेट्स, साध्या रक्ताच्या पिशवीतनं निघतात त्याच्या पाच-सहा पट. सणामुळं निम्मी माणसं गावाला. जे दोघं आले त्यातल्या एकाची शीर बारीक निघाली, दुसऱ्यानं आदल्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून ॲस्पिरिन घेतलेली, ती घेतली की तीन दिवस प्लेटलेट्स देता येत नाहीत हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. साडेनऊ वाजलेले. आणि कुणीतरी फिरवलेला व्हॉट्सॲपचा मेसेज बघून तुम्ही पलूसच्या बाजूनं गाडीवर आलात, शर्ट पावसानं चिंब, गळ्यात तुळशीची माळ.

सिस्टरनी विचारलं जेवलाय का, तुम्ही म्हणालात एकादशी आहे, सकाळी दोन केळी खाल्लीत. त्या म्हणाल्या रिकाम्या पोटी घेत नाही आम्ही, चक्कर येईल, नीट जेवून या. कँटीन बंद. मी खिचडीसाठी रस्त्यावर दोन गाडे बघून आले, तिथं नुसती अंडा बुर्जी. माझ्याकडं घरनं आलेला डबा होता, त्यात चपात्या आणि वांग्याची भाजी, गार झालेली, आणि मला सांगायचीसुद्धा लाज वाटली कारण एकादशी तर होतीच, वर चातुर्मास, त्यात तुम्हाला कांदा, लसूण, वांगं काहीच चालत नाही आणि त्या भाजीत तिन्ही होतं. तुम्ही डबा हातात घेतलात, "पोराचं रक्त थांबूदे आधी, पांडुरंग समजून घेतोय" एवढंच म्हणालात आणि जिन्यात उभ्या उभ्या तीन चपात्या खाल्ल्यात. किती वर्षांची एकादशी होती ती, मी विचारलं नाही. अजूनही विचारायचं धाडस नाही माझं.

मग तपासण्या, मग दीड तास त्या खुर्चीत. रक्त एकीकडनं जातंय, मशीन प्लेटलेट्स तेवढ्या काढून घेतंय, बाकीचं परत अंगात येतंय. मध्येच ओठाला मुंग्या येतायत म्हणालात, त्यांनी कॅल्शियमची गोळी दिली. रात्री एक वाजता परत गाडीवर. पेट्रोलचे पैसे द्यायला गेले तर हात मागं. सकाळी भावाचा काउंट 34 हजार, हिरड्यांचं रक्त बंद. ती सकाळ द्वादशीची होती दादा, आणि तुमची बारस सोडायची, म्हणजे एकादशीचा उपास द्वादशीला जेवून सोडायचा, राहिली होती माझ्या भावामुळं.

म्हणून फोन केला तेव्हा नुसतं जेवायला या म्हटलं नाही, बारस सोडायला या म्हटलं. आणि मुद्दाम चंपाषष्ठीनंतरची द्वादशी धरली, वांगं चालायला लागल्यावरची, कारण वांगंच करायचं होतं मला, त्या गार भाजीच्या बदल्यात. आदल्या दिवशी मार्केटला जाऊन कृष्णाकाठची वांगी आणली, काटेरी देठाची, एकेक निवडून. अडचण मसाल्याची. आमच्या घरात सगळं कांदा-लसूण चटणीवर चालतं, भाजी काय आमटी काय, आणि बारशीच्या पानात ती घालायची नाही. मग आईनं ब्याडगी मिरची, धणे, तीळ, सुकं खोबरं भाजून वेगळं कुटून दिलं, त्यात शेंगदाण्याचं कूट, गूळ, चिंच. खरं सांगते, मला वाटत होतं लसणाशिवाय भरल्या वांग्याला चव येत नाही. येते. मंद गॅसवर झाकणात पाणी ठेवून शिजवलं की येते.

पहाटे चारला उठले. वरण-भात, शाळूच्या भाकरी, वांगं, खपलीची खीर. सात वाजता तुम्ही आणि वहिनी आलात. भावाला मी सांगितलं होतं, आज वाढायचं काम तुझं. त्यानं पहिली भाकरी तव्यावरची आणून तुमच्या ताटात टाकली तेव्हा तुम्ही मान वर करून त्याच्याकडं बघितलंत, बराच वेळ, मग म्हणालात "बाळा, तू पण बस की." मी स्वयंपाकघरात निघून गेले, तिथं थांबणं झालं नाही मला.

वहिनींनी खीर कशी केली विचारलेलं आणि मी गडबडीत नीट सांगितलंच नाही. वहिनी, खपली गहू सडून घ्यायचा, रात्रभर भिजवायचा, सकाळी कुकरला सात-आठ शिट्ट्या. मऊ झाला की रवीनं थोडा घोटायचा, मग गूळ, गूळ आधी घातला तर गहू शिजत नाही. ओलं खोबरं, भाजलेली खसखस, वेलची, तासगावचे बेदाणे, चिमूटभर मीठ. दूध वाटीत वरनं घ्यायचं, पातेल्यात नाही. तुमच्या सासूबाईंना दिलेला डबा स्टीलचा मोठा आहे, तो लगेच परत पाठवायची घाई करू नका.

तुमची,
मिरजेतली ताई