चित्रप्रदर्शनाच्या बातमीत चित्रही असावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिकमध्ये चित्रप्रदर्शन भरले की दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात त्याची बातमी येते, याबद्दल आपले आभार मानायला हवेत. मात्र त्या बातमीत दीपप्रज्वलन कोणी केले आणि मान्यवर कोण होते हे सविस्तर असते. चित्रांच्या वाट्याला ‘चित्रकाराने प्रतीकांतून सामाजिक आशय मांडला आहे’ एवढे एकच वाक्य येते. अलीकडे काही प्रदर्शनांत चित्राशेजारी चिठ्ठ्याही दिसतात : लाल रंग म्हणजे क्रोध, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, बंद दार म्हणजे घुसमट. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी अनेक वर्षे मुलांकडून चित्रे काढून घेतलेला निवृत्त शिक्षक या नात्याने मला वाटते की, अशा चिठ्ठ्यांमुळे प्रेक्षक चिठ्ठी वाचून पुढे सरकतो आणि चित्र पाहायचे राहूनच जाते.

आधुनिक भारतीय चित्रकार तैयब मेहता यांचा बैल घ्या. पाय बांधून पाडलेला हा बैल त्यांच्या चित्रांत अनेक दशके पुन्हा पुन्हा येतो. असे बैल त्यांनी मुंबईच्या कत्तलखान्यात पाहिले होते, आणि १९७० मधील ‘कूडल’ या त्यांच्या लघुपटातही वांद्र्याच्या कत्तलखान्यातील दृश्ये आहेत. १९४७ च्या दंगलीत मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर एका माणसाला जमावाने ठार मारताना त्यांनी पाहिले होते, हेही सर्वज्ञात आहे. ‘बैल म्हणजे असहायता’ असे कोणी लिहिले तर त्यात चूक काही नाही. पण तेवढ्यासाठी मेहतांची गरज नाही, कोणीही बांधलेला बैल काढून दाखवील. मेहतांच्या चित्रात ती असहायता अंगावर येते ती त्यांच्या रंगलेपनामुळे. रंगाचे मोठे, सपाट, एकसंध पृष्ठभाग असतात, त्यात छाया नसते आणि खोलीही नसते, त्यामुळे आकृतीला मागे सरकायला जागाच उरत नाही. १९६९ च्या सुमारास त्यांच्या कॅनव्हासवर आलेली तिरकी रेघ तर शरीराचे सरळ तुकडे करते, तरीही ती रेघ स्वतः शांत, जवळजवळ थंड असते. हिंसा इतक्या नेटक्या हाताने रंगवलेली पाहून जी अस्वस्थता येते, ती चिठ्ठीवर कशी लिहिणार?

बैल पिकासोच्या ‘गेर्निका’तही आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधील गेर्निका या गावावर झालेल्या बॉम्बवर्षावाचे वृत्तांत आणि छायाचित्रे पिकासोने पॅरिसच्या वर्तमानपत्रांत पाहिली आणि पावणेआठ मीटर रुंदीच्या त्या चित्रातून रंग जवळपास हद्दपार करून काळा, पांढरा व करडा एवढेच ठेवले. तो बैल क्रूरतेचा की सोसणाऱ्या स्पेनचा, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही, आणि त्यामुळे चित्राचे काहीही अडलेले नाही. चित्रकार सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिंदूला, म्हणजे गडद वर्तुळाला, हे भाग्य लाभले नाही. तो आता भेटकार्डांपर्यंत पोहोचला आहे आणि तिथे नुसता गोल उरला आहे. भोवतीच्या रंगांचा तणाव गेला की बिंदूत पाहण्यासारखे फारसे राहत नाही. अमूर्त चित्रे काढणारे वासुदेव गायतोंडे यांनी तर प्रतीकच ठेवले नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेल्या आणि पुन्हा खरवडलेल्या रंगांच्या थरांतून झिरपणाऱ्या उजेडासमोर माणूस थांबतो, आणि तिथे चिठ्ठी लिहिणाऱ्याची पंचाईत होते.

हे सारे आधुनिक चित्रकारांचे खूळ आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढाव्यात. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीने दान दिलेल्या विहारात, मुख्य दाराच्या वर बोधिवृक्ष, स्तूप आणि चक्र कोरलेले आहे. तिथे बुद्धाची मूर्ती नाही, पण या तिन्हींना वंदन करणारे भक्त आहेत. चक्र म्हणजे धर्मचक्र हे ठाऊक नसलेल्या माणसालाही त्या भक्तांच्या अंगस्थितीवरून इथे काही पूज्य आहे हे कळते. प्रतीक ओळखणे हे ज्ञानाचे काम आहे. ते जाणवून देण्याचे काम शिल्पकाराने छिन्नीने केले आहे. पुढच्या काळात याच डोंगरात बुद्धमूर्तीही कोरल्या गेल्या, तेव्हा प्रतीक आणि मूर्ती यांतला फरक एकाच फेरीत पाहता येतो. आपल्या कलाशिक्षकांनी मुलांना तिथे फक्त सहलीसाठी का न्यावे, हे मला कधी उमगलेले नाही.

सामान्य प्रेक्षकाला काहीतरी आधार हवा, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यासाठी चित्राचे माध्यम, आकार, वर्ष आणि चित्रकाराने काय पाहिले होते, एवढे सांगावे. अर्थाचा निवाडा मात्र सांगू नये. २०२७ च्या सिंहस्थानिमित्त शहरातील भिंती रंगवल्या जातील, तेव्हा कलश, कमळ आणि त्रिशूळ यांची भरती करण्याआधी आयोजकांनीही ती चिन्हे कोणत्या रेषेत व कोणत्या रंगात येणार आहेत याचा विचार करावा.

आपल्याकडे मागणे एकच आहे. प्रत्येक प्रदर्शनातील एक चित्र स्पष्ट दिसेल एवढ्या आकारात छापावे आणि त्याची रेषा, रंग व रचना यांविषयी जाणकाराकडून शंभर-दीडशे शब्द लिहून घ्यावेत. जागेची अडचण असते हे मी जाणतो. मान्यवरांच्या नावांतून ती सहज निघू शकेल.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
नाशिक