कोंबड्यांची पावडर करडांना अंदाजाने घालू नका

मा. संपादक साहेब,

नमस्कार. आमच्या सिन्नरकडे आता शेळ्या अन् कोंबड्या एकाच आवारात असतात, त्यामुळे कोंबड्यांच्या रक्ती हगवणीसाठी आणलेली अ‍ॅम्प्रोलियमची पावडर करडांना हगवण लागली की सरळ त्यांनाही पाजली जाते, चमच्याने, अंदाजाने, आणि हगवण थांबली नाही की अजून चार दिवस. औषध वाईट नाहीये, करडांनाही डॉक्टर देतात, पण वजन बघून आणि ठरलेले दिवसच. 20 टक्क्यांची पावडर असेल तर 5 ग्रॅममध्ये 1 ग्रॅम औषध जातं, आठ-दहा किलोच्या करडाला ते किती होतं बघा!

या औषधाची रचनाच बी-1 व्हिटॅमिनसारखी आहे, म्हणून ते बी-1ची जागा अडवतं आणि हगवणीचे जंतू उपाशी मरतात. पण डोस वाढला, लांबला की करडालाच बी-1 मिळेना होतं. मेंदू चालतो साखरेवर आणि ती जाळायला बी-1 लागतंच, म्हणून पहिला फटका मेंदूला बसतो. मोठ्या शेळीच्या पोटातले जंतू बी-1 तयार तरी करतात, दूधपित्या करडाचं पोट तेवढं तयार झालेलं नसतं.

करडू सुस्त होतं, दूध सोडतं, कळपापासून लांब भिंतीला डोकं लावून उभं राहतं, मग मान पाठीवर टाकून वर बघत बसतं आणि शेवटी आडवं पडून झटके. दिसत नसतं त्याला. डोळ्याजवळ बोट नेलं तरी पापणी हलत नाही पण बॅटरी मारली की बाहुली बारीक होते, म्हणजे डोळा चांगला आहे, बिघाड मेंदूत आहे. आमच्या वस्तीवर अशा करडाला विषबाधा झाली म्हणून ताक पाजत बसले अन् वेळ गेला, फार वाईट वाटलं. लग्नातला उरलेला भात, धान्य भरपूर खाल्लेल्या मोठ्या शेळीलाही हेच होऊ शकतं.

पावडर लगेच बंद करायची आणि डॉक्टरांना बोलवायचं. बी-1चं इंजेक्शन भरपूर आणि दिवसातून दोन-तीनदा लागतं, नुसत्या बी-कॉम्प्लेक्सने भागत नाही. लवकर मिळालं तर बऱ्याचदा दिवसभरात फरक दिसतो, उशीर झाला तर वाचलेलं करडूही आंधळं राहू शकतं.

तुमच्या शेतीच्या पानावर ही लक्षणं मोठ्या अक्षरात छापा आणि मेडिकलवाल्यांनीही पुडी देताना कोंबडीला की करडाला एवढं तरी विचारावं, ही कळकळीची विनंती.

— एक शेळीपालक, सिन्नर, जि. नाशिक