शब्दांविना पुस्तक बांधून देणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

जालन्याच्या मोंढ्याजवळील आपल्या दुकानात आडतीच्या खतावण्या आणि रोजकीर्दी बांधण्यात आपले आयुष्य गेले. त्याच हातांनी आपण माझे एकही शब्द नसलेले चित्रपुस्तक बांधून दिलेत. त्याचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

अशा पुस्तकात मजकूर नसल्यामुळे वाचकाने कुठे रेंगाळायचे, कुठे पुढे धावायचे आणि कुठे मागे वळून पाहायचे, हे सारे पान उलटण्यावर ठरते. बेल्जियमचे फ्रान्स मासरील यांनी १९१९ मध्ये केवळ लाकडी ठशांच्या चित्रांतून एका माणसाचे आयुष्य सांगितले. मिलानच्या ब्रुनो मुनारी यांनी तर १९४९ पासून नुसता कागद, रंग, काप आणि दोरा यांतून पुस्तके घडवली. बांधणीसुद्धा गोष्ट सांगते हे त्यांच्या कामाविषयी वाचून मला ठाऊक होते, पण ते पटले आपल्या दुकानात.

बीड जिल्ह्यातील एक ऊसतोड कुटुंब दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कारखान्याकडे निघते आणि हंगाम संपल्यावर गावी परतते, एवढीच माझ्या पुस्तकाची गोष्ट आहे. ३२ पानांची, जुजबंदीने (पानांच्या घडीतून दोरा ओवून) शिवायची कच्ची प्रत मी आपल्याकडे आणली होती. ती सावकाश चाळून आपण विचारलेत, "गाड्यांची ही रांग शिवणीत तुटते आहे. ती तुटायला हवी आहे का?" त्या एका प्रश्नाने पुस्तकाचा आकार बदलला. शिवण गेली आणि घड्यांची एक लांब पट्टी आली, जिच्या दर्शनी बाजूला जाणे आहे आणि पाठीमागे परतणे. चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथींच्या पोथ्यांतही चित्रे अशीच पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे हा आकार मला परका वाटला नाही.

गिरणीच्या कागदात तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात, म्हणून त्या दिशेची घडी मऊ बसते आणि आडवी घडी तडकते, शिवाय खळ लागली की कागद एकाच अंगाने जास्त फुगतो, हे आपण मला तुकडे भिजवून दाखवलेत. मग दौलताबाद आणि खुलताबादच्या दरम्यान असलेल्या कागजीपुऱ्याच्या हातकागदाचे नाव आपणच सुचवलेत. त्यात तंतूंना अशी ठाम दिशा नसते. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद किती घालावा, चिकटवलेले ताव उन्हात न टाकता दाबाखाली का वाळवावेत, हे सांगताना आपण एकदाही घाई केली नाहीत. सगळ्यात मोलाची सूचना मात्र सांध्याची होती. ताव जोडण्याची जागा आपण रात्रीच्या चित्रात, गडद रंगाच्या घडीत नेलीत, त्यामुळे गाड्या रात्रभर चालत राहतात आणि जोड कुठे आहे हे पाहणाऱ्याला कळत नाही. चित्राची इतकी जाण चित्रकला शिकलेल्यांमध्येही मला क्वचितच आढळली आहे.

आईवडील तोडीला गेल्यावर गावात आजीकडे राहणाऱ्या काही मुलांना मी हे पुस्तक दाखवले. त्यांनी पट्टी जमिनीवर पसरली आणि दोन्ही बाजूंनी बसून, आपापल्या बोलीत, गोष्ट सांगायला सुरुवात केली. एका मुलीला परतीचीच बाजू आधी हवी होती. शिवलेल्या पुस्तकात तिला ती मुभा मिळाली नसती.

पुस्तकावर चित्रकाराचे नाव असते, बांधणाऱ्याचे सहसा नसते, आणि ही रीत मला मान्य नाही. पुढील प्रतींच्या अखेरच्या घडीवर माझ्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत, आपले नाव छापण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक चित्रकार